स्थिर, थंड आणि प्रमाणित

आमच्या घरातला संगणक मंद चालतो, अशी तोंडी तक्रार एका रविवारी सकाळी माझ्या पत्नीने माझ्याकडे केली. तक्रार तोंडी असूनही मी तिची गंभीर दखल घेतली.

मी वजनमापांच्या कार्यालयात वरिष्ठ अधीक्षक आहे. दुकानदाराच्या तागडीतला किलो खरोखर किलो आहे की नाही, हे आम्ही ठरवतो. ते ज्याच्याशी ताडून ठरवायचं, ते मूळ वजन आमच्या कार्यालयात एकात एक अशा काचेच्या पेट्यांमध्ये ठेवलेलं आहे. त्याला कोणी हात लावत नाही, कारण बोटाचा घाम लागला तर त्याचं वजन बदलेल आणि सगळा बाजार खोटा ठरेल. मी नोकरीला लागल्यापासून ते वजन एकदाही वापरलं गेलेलं नाही, आणि म्हणूनच ते इतकं अचूक आहे. मी अशा शिस्तीत वाढलेला माणूस आहे.

पत्नीची गोष्ट वेगळी. ती घरी बसून लहान मुलांसाठी चलचित्रं बनवते. गेली चार वर्षं ती एकाच चित्रपटावर काम करत होती. चित्रपट छोटाच, एका छत्रीचा. ही छत्री पावसाला घाबरते, कपाटातून बाहेर यायला तयार नसते, आणि अगदी शेवटी एका मुलीसाठी भर पावसात उघडते. बालचित्रपट महोत्सवाला तो पाठवायचा होता आणि मुदत जवळ आली होती. बाकीचा चित्रपट तयार होता, पण शेवटचा पाऊस अडला होता. त्यातला प्रत्येक थेंब संगणकाला स्वतः मोजून, रंगवून, योग्य जागी पाडावा लागतो. आमचा संगणक थोडे थेंब पाडायचा, तापायचा आणि बंद पडायचा.

"पाऊस जरा कमी नाही का करता येणार?" मी विचारलं. "रिमझिम वगैरे?"

"चार वर्षं ती छत्री रिमझिमीला घाबरली होती का हो?"

"मग मध्यम स्वरूपाचा?"

"तुम्ही फक्त पंख्यातली धूळ झटकून द्या," ती म्हणाली. "बाकी माझं मी बघते."

धूळ झटकणं हे माझ्या पदाला शोभणारं काम नव्हतं. शिवाय त्याने रोग बरा झाला असता, पण व्यवस्था सुधारली नसती. म्हणून मी इंटरनेटवर अभ्यासाला बसलो आणि एक धक्कादायक माहिती हाती आली. संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, कारखान्यातून येतानाच मुद्दाम सावकाश चालायला शिकवलेला असतो. त्याची खरी कुवत जास्त असते. म्हणजे आमच्या घरात एक कर्मचारी वर्षानुवर्षं अंग चोरून काम करत होता. ही गोष्ट मी कार्यालयात सहन करतो, पण घरात नाही.

ही चोरी पकडून प्रोसेसरची गती वाढवणाऱ्यांना ओव्हरक्लॉकर म्हणतात. त्यांचा इंटरनेटवर एक मोठा संप्रदाय आहे. तिथे बर्फमामा नावाचे एक अधिकारी गृहस्थ मला भेटले. त्यांचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, पण शब्द कोणी मोडत नाही. "गती काय, कोणीही वाढवतो," ते लिहितात. "ती पचली पाहिजे. यंत्र कसं हवं? स्थिर, थंड आणि तासन्‌तास राबणारं." हे वाचून मला भरून आलं. असा कर्मचारी मी तीस वर्षं शोधत होतो.

मी संगणक उघडला, एक कळ दाबून त्याच्या आतल्या गुप्त पडद्यावर गेलो आणि गती थोडी वाढवली. संगणक खरंच पळू लागला. पत्नीचा चेहरा फुलला.

"अहो, कमाल केलीत! सरका, पाऊस लावते."

"थांब," मी म्हणालो. "अजून तपासणी झालेली नाही."

यंत्राची तपासणी करायला एक खास चाचणी असते. त्यात संगणकाला सर्व शक्ती पणाला लावून काही अवघड गणितं अखंड सोडवायला लावतात. त्या उत्तरांची जगात कोणालाही गरज नसते. म्हणूनच ती चाचणी निःपक्षपाती समजली जाते. आमचा संगणक तिच्यात पहिल्याच फटक्यात पास झाला, तेही फारसं न तापता. एखादा अल्पसंतुष्ट माणूस इथेच थांबला असता. पण जो उमेदवार इतक्या सहज पास होतो त्याचा पेपर सोपा होता, हे उघड आहे. मी गती आणखी वाढवली.

आता संगणक नापास झाला. मग प्रोसेसरला वीज वाढवून दिली. तो पास झाला, पण तापला. तापला म्हणून मी बादलीएवढा कूलर आणून बसवला. कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये एक करड्या रंगाचं मलम मोहरीएवढं लावायचं असतं. ते मोहरीएवढंच लागलं की नाही हे बघायला कूलर काढावा लागतो आणि काढला की मलम पुन्हा लावावं लागतं. हे काम मी बराच काळ निष्ठेने केलं. या काळात टॉवेलांना, दाराच्या कड्यांना आणि एकदा माझ्या कानालाही उत्तम शीतलता प्राप्त झाली.

इतकं करूनही तापमान हवं तितकं उतरेना. बर्फमामांनी निदान केलं, "यंत्र थंड आहे हो. खोली गरम आहे." त्याला काय करणार? आमच्या घरी एकच एसी, तोही निजायच्या खोलीत. मी संगणक निजायच्या खोलीत नेला आणि पलंग हॉलमध्ये आणला. दोन दिवसांत लक्षात आलं की त्या खोलीला पश्चिमेचं ऊन लागतं. घरात ऊन न लागणारी खोली एकच होती, आईची. म्हणून एसी आणि संगणक दोन्ही आईच्या खोलीत गेले. आईने काही हरकत घेतली नाही. तिला एसीची झुळूक बरी वाटली.

मात्र रोज दुपारी जेवणानंतर खोलीचं तापमान एका अंशाने चढू लागलं. मी सुट्टी काढून चौकशी केली. पंखे ठीक होते, खिडकी बंद होती. अखेर कारण सापडलं. माणूस स्वस्थ पडून असला तरी त्याच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. आई रोज दुपारी तिथे झोपत होती.

"आई, तू दुपारची जरा हॉलमध्ये पडशील का?"

"का रे? घोरते का मी?"

"नाही गं. तुझ्या अंगातून उष्णता बाहेर पडते."

"माझ्या?"

"सगळ्यांच्याच पडते. पण खोलीत तू असतेस."

"बाळा, नऊ महिने त्याच उष्णतेत काढलेस तू," ती म्हणाली. "तेव्हा बरं काही खुपलं नव्हतं!"

भावनिक युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि थर्मामीटरला आईकडे नव्हतं. त्याच संध्याकाळी ती पिशवी भरून माझ्या बहिणीकडे राहायला गेली. ताईचं घर जवळच आहे आणि घराखालीच तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. आई गेल्यावर तापमान उतरलं. मी तिला फोन करून घरातर्फे आभार मानले.

पाठोपाठ स्वयंपाकघराचा विषय निघाला. शेगडी पेटली की भिंत तापते आणि भिंतीपलीकडे संगणक होता. म्हणून शेगडी फक्त पहाटे, आणि तीही चहापुरती, असा नियम केला. फ्रिज पुढून थंड असला तरी मागून गरम हवा सोडतो, हा त्याचा दुटप्पीपणा लक्षात येताच त्याची बदली जिन्यात झाली. आम्ही दोघं थंड जेवू लागलो. मी समाधानी होतो. पत्नीचं मात्र लक्ष कॅलेंडरवर होतं.

"अहो, मुदत संपत आली. आता तरी पाऊस लावू का?"

"यंत्र चाचणीत आहे."

"मागच्या आठवड्यात पास झालं होतं ना?"

"ते मागच्या गतीला."

"मग त्या गतीला चालवू या की. मला पुरेल ती."

"वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला कोणी पुन्हा खालच्या वर्गात बसवतं का?" मी समजावलं. "आणि समज, चाचणी अर्धवट सोडून तू तुझं काम लावलंस आणि मध्येच काही बिघडलं, तर दोष यंत्राचा की तुझ्या पावसाचा, हे कसं ठरवायचं? आमच्याकडे वजन प्रमाणित होईपर्यंत त्याने कोणी वांगीसुद्धा तोलत नाही."

ती खाली बसली. "चार वर्षं मी त्या छत्रीला रोज थोडं थोडं धीट केलंय हो," ती म्हणाली. "ती उघडलीच नाही तर काय उपयोग?"

तिचे डोळे भरले होते. मला खरंच वाईट वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवणार होतो, एवढ्यात आतून चाचणी बंद पडल्याची घंटा वाजली आणि मला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज आईला भेटायला ताईकडे जाऊ लागली. दुपारी जायची ती रात्री उशिरा परतायची. सुनेची सासूवर इतकी माया बघून मला धन्य वाटलं. शिवाय ती घरात नसल्याने तापमान आणखी उतरलं, ते वेगळंच.

आता राहिली स्थिरता. चाचणी मधूनच का बंद पडते, याचा छडा मी जिन्यात बसून लावला. इमारतीची लिफ्ट सुरू झाली की क्षणभर विजेचा दाब पडत होता. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त माणूस, पण अधिकार अजून अंगातून निवृत्त झालेला नाही.

"लिफ्ट बंद ठेवा म्हणता? कुणासाठी, तर तुमच्या कॉम्प्युटरसाठी? उद्या म्हणाल जिनासुद्धा चढू नका."

मी त्यांना बर्फमामांच्या संप्रदायाची जागतिक क्रमवारी दाखवली. तीत आमचं यंत्र हळूहळू वर सरकत होतं.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. "समोरच्या इमारतीतलं कोणी आहे का यात?"

"एकही नाही."

"खात्री आहे?"

"संपूर्ण रस्त्यात आपणच."

संध्याकाळी फलकावर सूचना लागली. *इमारतीच्या प्रगतीसाठी लिफ्ट बंद राहील.* सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. पण प्रगती म्हटल्यावर काय बोलणार? तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गुडघे धरून वर चढायचे आणि दर मजल्यावर टेकायचे. तळमजल्यावरच्या गायनाच्या बाई त्यांना पाणी द्यायच्या. पुढे पुढे जिन्यात दमून बसलेली माणसं आपणहून एकमेकांना विचारू लागली, "झालं का पास?" माझ्यामुळे इमारतीत शेजारधर्म वाढला, हे मी नम्रपणे नमूद करतो.

आणि अखेर संगणक पास झाला. कमाल गती, किमान तापमान, एकदाही अडखळला नाही. मी स्वतःच्या सहीशिक्क्याने त्याला प्रमाणपत्र दिलं आणि सेक्रेटरींनी समारंभ ठरवला. खोलीत माणसं घेणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे बाहेर उभे राहिले आणि दाराच्या काचेतून आळीपाळीने दर्शन झालं. आई आणि पत्नीही त्या दिवशी ताईकडून आल्या होत्या.

"आता हे यंत्र," सेक्रेटरी म्हणाले, "कितीही जड काम, कितीही वेळ, न तापता, न थांबता करू शकेल! ही आपल्या इमारतीची शान आहे!"

टाळ्या झाल्या. टाळ्यांनीही उष्णता निर्माण होते, म्हणून मी त्या आवरत्या घ्यायला लावल्या.

दातांचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. "मग सध्या कुठलं काम करतंय ते?" त्यांनी विचारलं.

"सध्या ते प्रमाणित आहे," मी म्हणालो.

पण तो क्षण मी राखून ठेवला होता. सगळ्यांदेखत पत्नीला पुढे बोलावलं आणि माझ्या हाताने दार उघडलं. "ये," मी म्हणालो. "लाव तुझा पाऊस."

"पडला तो," ती म्हणाली.

"कुठे?"

"वन्संच्या दुकानात. काउंटरखाली त्यांचा जुना कॉम्प्युटर आहे ना, त्याच्यावर. दिवसा गिऱ्हाइकांची कामं, दुकान मिटलं की माझं. हळूहळू जात होता, पण जात होता. आई लक्ष ठेवायच्या."

"त्याची चाचणी?"

"नाही केली."

"तापला असेल!"

"तापायचा की," आई म्हणाली. "मग मी शटर थोडं वर करायचे."

"आणि बंद पडला तर?"

"पडायचा ना. मग पुन्हा चालू करायचे. एकच तर बटण आहे रे त्याला."

मी प्रमाणपत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. पत्नीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "निवड झालीय. शनिवारी पडद्यावर दाखवणार आहेत. याल ना?"

मी गेलो. सभागृह मुलांनी खचाखच भरलं होतं आणि एसी बंद पडला होता. छत्री कपाटातून बाहेर आली, दारापर्यंत गेली, मागे फिरली, तेव्हा मुलं ओरडून तिला धीर देऊ लागली. मग ती उघडली आणि पाऊस कोसळला. रिमझिम नव्हे, मध्यम स्वरूपाचा नव्हे, चांगला धो धो. मुलं खुर्च्यांवर उभी राहून नाचली. मी रडलो आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. शेजारी आई बसली होती, तिच्या खांद्याची ऊब लागत होती. तिथे माणशी शंभर वॅट धरले तर काय झालं असेल, हा हिशोब मी त्या दिवशी केला नाही.

पण घरी आल्यावर एक प्रशासकीय पेच उभा राहिला. स्थिर, थंड आणि तासन्‌तास राबणारं यंत्र तयार होतं आणि घरात त्याला द्यायला काम उरलं नव्हतं. पत्नीची पुढची गोष्ट तर ताईच्या काउंटरखाली सुरूही झाली होती. इकडे आईने पिशवी घेऊन पुन्हा आपल्या खोलीचा ताबा मागितला. सेक्रेटरींनी बजावलं, की यंत्राने काही करून दाखवलं तरच लिफ्ट बंद राहील. तेव्हा जड काम शोधायला मी इमारतीत दारोदार फिरलो.

कामाला तोटा नव्हता. दातांच्या डॉक्टरांना फिरत्या चित्रांसह दातांचा ज्ञानकोश करायचा होता. "करणारच आहे," ते म्हणाले, "फक्त नवा मॉनिटर येऊ दे." गायनाच्या बाईंच्या डोक्यात शंभर गाण्यांचं ध्वनिमुद्रण तयार होतं, चांगला माइक मिळायचा खोळंबा होता. खुद्द सेक्रेटरी इमारतीचा सचित्र इतिहास लिहिणार होते आणि त्यासाठी खुर्ची बघत होते. घरोघरी उत्तम यंत्रं होती, काही तर माझ्या यंत्राइतकीच वेगवान, आणि त्यांच्यावर पत्ते खेळले जात होते. शेवटी मी बर्फमामांनाच विचारलं, "आपण आपल्या यंत्रावर कुठलं काम करता?" उत्तर आलं, "चाचणी. कामाचं बघू, पुढच्या वर्षी नवा प्रोसेसर येतोय."

म्हणून आता मी थेट तुमच्याकडे वळतो आहे, वाचकहो. आमच्याकडे एक प्रमाणित यंत्र रिकामं आहे आणि तुमच्या मनात एक मोठं काम आहे. कुठलं, ते मी सांगायला नको. आत्ता हे वाचताना जे आठवलं, तेच. यंत्र जरा चांगलं असतं तर केव्हाच केलं असतं, असं तुम्ही घरी सांगितलेलं आहे. तर ते काम घेऊन या. यंत्र विनामूल्य मिळेल, खोली थंड आहे, आणि हवं तर आईला मी पुन्हा ताईकडे पाठवतो. अट एकच. काम थोडं तरी सुरू केलेलं असावं.

गर्दी असेल म्हणून संकोच करू नका. ही सूचना खाली फलकावर लावून बरेच दिवस झाले. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती शेवटपर्यंत वाचतो, मान डोलावतो, "अगदी खरं आहे" म्हणतो आणि पुढे जातो.